उपाशी माती

माझ्या रजिस्टरात भूक ग्रॅममध्ये असते.
मल्लू, वय दोन वर्षं, आठ किलो शंभर.
काट्याच्या झोळीत तो रडतही नाही,
नुसता बघतो पत्र्याच्या भोकातून येणारा उजेड,
आणि मी लाल पेन शोधते.

तुर्भे स्टोअरच्या वरच्या अंगाला, बंद खाणीच्या काठावर
आमची अंगणवाडी, दहा बाय बारा.
खाली, रस्त्यापलीकडे, मार्केट.
रात्रभर ट्रक उतरतात,
नाशिकची कोथिंबीर, जुन्नरचा फ्लॉवर,
अख्ख्या मुंबईचं उद्याचं जेवण.
पहाटे आमच्या बायका जातात
चाकाखाली न आलेली पानं वेचायला.
दुर्गव्वा म्हणते, कधी वांगं मिळतं, कधी वॉचमनची शिवी.

शिकवायला बाई येणार म्हटल्यावर
मी सतरंजी झटकली.
वाटलं, प्रोजेक्टर असेल, बिस्किटं असतील.
आली चांगुणाबाय, घणसोलीची,
डोक्यावर रंगाची रिकामी बादली.
तिच्या बापाच्या खाचरावर आता काचेचं ऑफिस आहे.
"त्याचे खाली हाय माजी माती," म्हणाली, "निजलेली,"
आणि तो विषय तिथेच टाकून
बादलीला भोकं पाडायला बसली.

पहिल्या खेपेला आम्ही हरलो.
खाणीची भुकटी भरली, पालकाचं बी टाकलं.
दोन पानं आली, पिवळी पडली,
उरलेलं घुशीनं नेलं.
शबनम म्हणाली, एवढ्या वेळात मी
दोनशे शर्टांना बटणं लावली असती.
खोटं नव्हतं ते.
चांगुणाबायनं माती चिमटीत धरली, हुंगली.
"मेली नय गो ही. उपाशी हाय.
आदी हिला जेवू घाल, मंग ती तुना घालंल."

मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
मला शिकवलं होतं पाकिटं, उंची, दंडाचा घेर.

मग मातीचाच आहार रजिस्टरात मांडला :
मार्केटातली तुडवलेली कोबीची पानं,
नारळाच्या शेंड्या, तबेल्यातलं शेण, चहाचा चोथा,
वरून गूळपाणी.
पंचेचाळीस दिवस रोज हात घालून बघायचं
ताप उतरला का.
नाल्याचं पाणी मात्र नाही म्हणजे नाही.
त्यात कंपन्यांचा रंग वाहतो, कधी निळा, कधी गुलाबी.
काठावरची हिरवीगार भाजी दाखवून ती म्हणाली,
"बघाला झ्याक हाय. पोराला देशील?"
तेव्हापासून आम्ही तांदळाचं धुवण बाटल्यांत साठवतो
आणि एकमेकींच्या बाटल्यांवर लक्ष ठेवतो.

माठ आला. अंबाडी आली.
शेवग्याची फांदी ड्रमात रुजली.
चवळी केबलच्या वायरीवरून शेजारच्या घरात गेली,
त्यावरून भांडण झालं, शेंगा निम्म्या वाटून मिटलं.
एक साहेब येऊन गेले, फोटोसाठी
झाड मुळासकट वर धरायला लावलं.
ते झाड पुन्हा लागलं नाही.

मल्लू नऊ किलो दोनशे.
त्या दिवशी मी पेन बदललं. पिवळं.
हिरवं नाही, पिवळं.
खोटं कशाला बोलू, बादलीनं पोट भरत नाही,
भाकरीच्या शेजारी काहीतरी येतं, एवढंच.

दिवाळीनंतर दुर्गव्वाला उलव्याला काम लागलं,
अठराव्या मजल्याचं.
रकान्यात मी लिहिलं, स्थलांतर.
टेम्पोत शेगडी, गाठोडं, मल्लू,
आणि मल्लूच्या दोन पायांत घट्ट धरलेली अंबाडीची बादली.

काल फोन आला. मागे मिक्सरची घरघर.
"टीचर, अंबाडीला फूल आलंय. पानं राठ झाली. उपटू काय?"
"उपटू नको. बी धरू दे,"
मी म्हणाले, आणि तो आवाज माझा नव्हता, घणसोलीचा होता.
"मल्लू किती भरला?"
"इथं काटा कुठला," ती म्हणाली,
"पण त्याला घेऊन जिना चढताना
आता दम लागतो."